शब्दचर्चा : ‘भेदभाव’मधल्या ‘भावा’चं काय करायचं?

कोरेगावकर :
समानतेच्या कायद्यांवर सोप्या मराठीत चार पानी पत्रक करतोय, सातारा जिल्ह्यात गावोगाव वाटायला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या मराठी पाठात ‘भेदभाव’ आहे, तोच शब्द घेतला. परवा एका गावात कच्चा मसुदा वाचून दाखवला, तर कारभारी मंडळींपैकी एकजण म्हणाले, “आमच्या मनात तसला भाव न्हाईच. ग्रामपंचायतीला सात पायऱ्या हायत, त्या सगळ्यांनाच हायत की.” लोकांनी माना डोलावल्या. कुबड्या घेतलेला एक पोरगा कडेला उभा होता, तोसुद्धा गप्प. दुसरा शब्द सुचवा.

येरळाकाठ :
‘पंक्तिप्रपंच’! एकाच पंगतीत पाहुण्याला तुपाची धार आणि गड्याला नुसतं वरण. माझ्या आजीचा आवडता शब्द. लेकाला साय आणि लेकीला ताक वाढणाऱ्या सुनेला ती तोंडावर ऐकवायची. ‘डावं-उजवं करणं’ही चालेल. ‘सापत्नभाव’ मात्र नको, भेदभावाविरुद्धच्या पत्रकात सावत्र आयांवर अन्याय कशाला?

मिरजकर वकील :
शब्द झकास, पण तो पंगतीत बसलेल्यांपुरता. ज्याला पंगतीत घेतलंच नाही त्याचं काय? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. १९०१ साली बाबासाहेब आणि घरची पोरं मसूर स्टेशनावर उतरली, त्यांनी दुप्पट भाडं कबूल केलं, तरी बैलगाडी त्यांनाच हाकावी लागली, गाडीवान पायी चालला. याला पंक्तिप्रपंच म्हणणं म्हणजे पाणी घालणं.

आता तुमच्या ‘भावा’बद्दल. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात व्याख्या अशी आहे की फरक करणं, वगळणं, निर्बंध घालणं, यांचा हेतू किंवा परिणाम हक्क हिरावण्याचा असला की तो भेदभाव. ‘किंवा परिणाम’ हे दोन शब्द महत्त्वाचे. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांसारखं वावरता यावं म्हणून करायचा जरूर तो बदल, नाकारणं हाही त्यात धरलाय. त्या सात पायऱ्यांना भाव नाही, परिणाम आहे. वैताग हा, की ही व्याख्या त्या एका कायद्यापुरती. १९५५ चा अस्पृश्यतेचा (१९७६ पासून नाव नागरी हक्क संरक्षण), १९८९ चा ॲट्रॉसिटीचा, २०१९ चा तृतीयपंथीयांचा, प्रत्येकाची भाषा निराळी. ब्रिटनने वेतन, लिंग, वंश, अपंगत्व यांचे सुटे कायदे २०१० मध्ये एकात ओवले. आपल्याकडे तसं झालं असतं तर तुमचं पत्रक दोन पानांत आटोपलं असतं.

माणदेशी :
हिंदीत अनुच्छेद १५ ला ‘विभेद’ आहे. भाव गेला, काम झालं.

कोरेगावकर :
माणदेशी, म्हसवडच्या बाजारात ‘विभेद’ म्हणून बघा आणि काय होतं ते कळवा.

कासची माहेरवाशीण :
वकीलसाहेब, पंक्तिप्रपंच एवढ्यात टाकू नका. दात पडलेल्या आजोबांना दूधभात कुस्करून वाढला तर त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही, आणि बाकीचे “मलाही कुस्करून द्या” म्हणत नाहीत. सवलतींवरून रोज जी ओरड चालते तिला याहून सोपं उत्तर मला तरी माहीत नाही. अनुच्छेद १५ च्याच पोटात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतुदीची मुभा आहे, मागासवर्गांसाठीची १९५१ मध्ये घातली. तेव्हा भेद करणं निराळं आणि भेदभाव निराळा.

मिरजकर वकील :
मान्य. दूधभात कोर्टातही चालेल.

कोरेगावकर :
ताई, दूधभात पत्रकात घेतला. शब्द ‘भेदभाव’च ठेवतोय, खाली ही ओळ : “नियम सगळ्यांना एकच असला, तरी त्यानं कुणाची वाट अडत असेल तर तो भेदभाव. मनात काही असो वा नसो.” आता अडलोय ‘वाजवी सोय’ला. मसुदा वाचणाऱ्या दोघांनी ‘वाजवी’ म्हणजे स्वस्तातली असं धरलं.

येरळाकाठ :
‘जमेल तेवढी सोय’?

मिरजकर वकील :
नको, मग कुणालाच जमणार नाही. ‘ज्याच्या-त्याच्या गरजेची सोय’ लिहा.