प्रतिसाद: किंमत वाढवून घोडदळ ताळ्यावर येणार नाही

षटकोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळात घोडदळ फार वरचढ ठरतं, त्यावर वर सुचवलंय की घोडदळ महाग करा, आपोआप समतोल साधेल. मला नाही पटत. किंमत वाढवली की खेळाडू चारऐवजी तीन घेतो आणि तोच उच्छाद मांडतो. खरी मेख 'हल्ल्यानंतर चाल', म्हणजे वार करूनही त्याच पाळीत उरलेली घरं चालू देणाऱ्या नियमात आहे.

मोजून बघा. घोडेस्वाराची चाल एका पाळीत ६ घरं, पायदळाची २, अंतर ४ षटकोनांचं. स्वार तीन घरं पुढे येतो, वार करतो, उरलेल्या तीन चालींत परत जागेवर. पायदळ दोन घरं धावलं तरी मध्ये एक घर उरतंच. म्हणजे नुसता मार खायचा. आता वार करायलाच २ चाली खर्च करायला लावा. स्वार एकच घर मागे सरकतो आणि पुढच्या पाळीत हमखास सापडतो. किंमत तीच, ताकद तीच!

'बॅटल फॉर वेसनॉथ' या संगणकावरच्या युद्धखेळामध्ये शत्रूच्या शेजारच्या घरात शिरलं की चाल संपते, ही तोड मला जास्त आवडते. तीन भालाईत नीट अंतर ठेवून उभे केले की अख्खी फळी अडते. तिथे हा नियम न लागणाऱ्या तुकड्याही आहेत, पण मोजक्याच.

गनिमी काव्याने लढणाऱ्या सैनिकांचं दुखणं वेगळं. त्यांना रानात लपू द्या, रसद तोडू द्या, पण ठाणं ताब्यात घेण्याचा हक्क देऊ नका. नाहीतर ते निव्वळ स्वस्त पायदळ होतं. आणि वार केला की एक पाळी तरी ते उघड दिसलेच पाहिजेत.