मदत हवी आहे: युनियनिस्ट म्हणजे नक्की कोण? बेलफास्टच्या गोदीत भाच्याची पंचाईत

नमस्कार मंडळी, गुहागरहून लिहितेय. माझा भाचा शिपवर आहे, मागे त्यांचं जहाज बेलफास्टला लागलं होतं. तिथल्या गोदीतल्या एका वयस्कर कामगाराशी त्याच्या छान गप्पा चालल्या होत्या, पगार किती, पाळ्या कशा वगैरे, आणि ह्याच्याकडे सीफेरर्स युनियनचं कार्ड आहे म्हणून ह्याने अभिमानाने सांगितलं की मीपण युनियनिस्ट आहे, आमचे आजोबापण युनियनिस्ट होते. तो माणूस एकदम गप्पच झाला. मग म्हणाला, तू इंडियाचा ना, मग तुला ब्रिटिशांचं राज्य कशाला हवंय?

भाच्याने मला व्हॉट्सॲपवर विचारलं, आत्या मी काय चुकीचं बोललो? त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, १९८२ च्या संपात बाहेर पडले आणि गावी आले ते परत गेलेच नाहीत. आमच्या घरात युनियन म्हटलं की गेटवरची सभा, वर्गणीची पावती आणि डॉक्टर सामंत, बाकी काही नाही. त्यामुळे हा शब्द कुणाला खुपेल असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

थोडं शोधलं तर कळलं की आयर्लंडात युनियनिस्ट म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहावं म्हणणारे. पण मग तिथल्या कामगार युनियनवाल्यांना काय म्हणतात? आणि एकच माणूस दोन्ही असू शकतो का? शिवाय पंजाबात फाळणीआधी युनियनिस्ट पार्टी होती, ती कामगारांची होती का? आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकाचा १ मेचा अंक मी लिहितेय, त्यात हे नीट यायला हवं. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं गिरणीत नाहीतर जहाजावर होती, त्यांच्यापुढे चुकीचं काही नको. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी मूळचा चिपळूणचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं डब्लिनला आहे. भाचा चुकीचं काही बोलला नाही, गाव तेवढं नेमकं ते निघालं. १८०१ पासून आयर्लंड आणि ब्रिटन एका राज्यात आले, त्या जोडणीला इथे युनियन म्हणतात. १८८६ ला ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडसाठी होमरूलचं, म्हणजे स्वतःच्या कारभाराचं, बिल आणलं तेव्हा त्याचाच लिबरल पक्ष फुटला, फुटलेले ते लिबरल युनियनिस्ट, पुढे १९१२ ला ते कॉन्झर्व्हेटिव्हांत विलीन झाले. म्हणून त्या पक्षाचं पूर्ण नाव आजपण कॉन्झर्व्हेटिव्ह अँड युनियनिस्ट पार्टी आहे. १९२१ ला आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. बेलफास्टमध्ये युनियनिस्ट म्हणजे हे, आणि बहुतेक प्रोटेस्टंट. १९९८ च्या शांतता करारापर्यंत तिथे दोन बाजूंच्या भांडणात तीस वर्षं माणसं मरत होती, त्यामुळे असा शब्द कानावर आला की समोरचा आधी आपण कुठल्या बाजूचे ते बघतो.

एकच माणूस दोन्ही असू शकतो का, तर हो, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. टायटॅनिक जिथे बांधली त्या बेलफास्टच्या गोद्यांमधले हजारो प्रोटेस्टंट कामगार ट्रेड युनियनचे मेंबर होते आणि राजकारणात पक्के युनियनिस्ट. १९१८ ला तर युनियनिस्टांचा पुढारी कार्सन याने अशा कामगारांसाठी अल्स्टर युनियनिस्ट लेबर असोसिएशनच काढली. आणि जुलै १९२० ला त्याच गोद्यांतून कॅथलिक कामगारांना हाकलून काढलं, त्यांच्यासोबत जे प्रोटेस्टंट समाजवादी, युनियनचं काम करणारे होते त्यांनापण. म्हणजे ट्रेड युनियनवाल्याला युनियनिस्टांनी बाहेर काढलं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

उलट बाजूला जेम्स कॉनली. बेलफास्टच्याच गोदीकामगारांची युनियन बांधणारा माणूस, आणि १९१६ च्या उठावात ब्रिटिशांविरुद्ध लढला म्हणून जखमी अवस्थेत खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या त्याला. त्याला ट्रेड युनियनिस्ट म्हणा, नुसतं युनियनिस्ट म्हणालात तर अर्थ पार उलटा होईल.

प्रतिसाद २

मालवणहून. पंजाबची युनियनिस्ट पार्टी कामगारांची नव्हती. १९२३ ला फजल-ए-हुसेन आणि छोटूराम यांनी काढली, मुस्लिम, हिंदू, शीख जमीनवाले एकत्र म्हणून युनियन. सावकारी कर्जाविरुद्ध कायदे केले त्यांनी, शेतकरी छोटूरामना मानायचे, पण पक्षात मोठे जमीनदारही भरपूर होते हे विसरू नये. १९३७ ला सत्तेत आले, सिकंदर हयात खान प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, त्यांच्यानंतर खिजर हयात. १९४६ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगपुढे पडले आणि मार्च १९४७ ला खिजरने राजीनामा दिला. अमेरिकेतपण १८६१ च्या यादवीत युनियनिस्ट होते, देश फुटू नये म्हणणारे, त्यावरून वेस्ट व्हर्जिनिया राज्य वेगळं निघालं १८६३ मध्ये.

भित्तिपत्रकात आपल्या कोकणची माणसं जरूर घाला. ना. म. जोशी रायगडातल्या गोरेगावचे, १९२० ला आयटक ही देशभरच्या कामगार युनियनांची संघटना उभी करण्यात होते. डॉ. दत्ता सामंत आमच्या देवबागला वाढलेले. हे दोघं खरे ट्रेड युनियनिस्ट.

प्रतिसाद ३

ताई मीपण सेलिंगला होतो. भाच्याला सांगा परदेशी पोर्टवर आय ॲम अ युनियन मेंबर म्हणायचं, नाहीतर ट्रेड युनियन हा पूर्ण शब्द वापरायचा. बेलफास्ट, ग्लासगोला तर नक्कीच. स्कॉटलंडमध्ये २०१४ ला वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हापासून तिकडेपण हा शब्द रोजचा झालाय.

धागाकर्ती

मंडळी, मनापासून आभार. भाच्याला सगळं वाचायला पाठवलं. भित्तिपत्रकात मी कामगार पुढारी, युनियनचा माणूस असंच लिहिणार आहे, आणि आयर्लंडवाल्यांसाठी ब्रिटनशी जोडणीचे समर्थक असं सरळ लिहीन, लांब झालं तरी चालेल. बेलफास्टच्या गोदीतून काढलेल्या त्या कामगारांवर एक वेगळा रकानाच करतेय, कारण आमच्याकडचे गिरणीवाले ते वाचतील तेव्हा त्यांना लगेच कळेल काय झालं असेल. आता फक्त पंजाबच्या पक्षाचं अडलंय. १९३७ च्या सुमाराला मराठी वर्तमानपत्रं त्या पक्षाचं नाव कसं छापत होती? कुणाच्या घरी नाहीतर वाचनालयात तेव्हाचे अंक असतील तर त्या पानाचा फोटो टाका ना, एप्रिलअखेरपर्यंत मिळाला तरी पुरे.