'खाजण' म्हणजे काय? त्यातला 'ज' कुठला?

घणसोलीच्या आमच्या जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत 'पश्चिमेस खाजण' असं लिहिलंय. घरात कुणी म्हणतं आडनाव असेल, कुणी म्हणतं गावाचं नाव. नक्की काय? आणि उच्चार कसा, 'जन्म'मधल्या 'ज'चा की 'जहाज'मधल्या?

— ताई, 'जहाज'मधला 'ज'. गोव्यात हा शब्द रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहितात तेव्हा झेड वापरतात, त्यावरूनही उच्चार कळतो. शब्द नपुंसकलिंगी: ते खाजण, खाजणात.

भरतीचं पाणी जिथवर चढतं ती खाडीकाठची सखल, खारी, चिखलाची जमीन म्हणजे खाजण. ओहोटीला उघडी पडते. तिथे तिवरं वाढतात, निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) सापडतात. घणसोलीच्या पश्चिमेला ठाण्याची खाडीच आहे, म्हणजे तुमच्या खतातली सीमा चोख आहे.

याच जमिनीला बांध घालून भरती अडवली, पावसाने मीठ धुऊन निघालं आणि भात लागला, की तिला 'खार' म्हणायचं. बांधात दार ठेवतात ती 'उघाडी': ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद ठेवायचं. बांध फुटला की 'खांड गेली'. ती वेळेत बुजवली नाही तर खारीचं पुन्हा खाजण होतं. मीठ पिकवलं तर मिठागर.

— गोव्याचं वाचून गोंधळू नका. तिकडे बांध घालून लागवडीखाली आणलेल्या जमिनीलाच खाजण म्हणतात.

— हल्ली सगळे खाजणाला सरसकट 'कांदळवन' म्हणतात, ते मला खटकतं. कांदळवन हे झाडांचं नाव, खाजण जमिनीचं. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. ते पक्षी चरतात ओहोटीच्या उघड्या चिखलात, झाडांत नाही. त्या चिखलाला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे, तो बोलण्यात राहायला हवा. घरात कुणी जुनं आगरी किंवा कोळी माणूस असेल तर त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. आणि ताई, बाकीच्या सीमा काय आहेत?

— पूर्वेस गाडीवाट, उत्तरेस आणि दक्षिणेस दुसऱ्यांची खार. शेवटी 'बांध व उघाडीसह' असंही लिहिलंय.

— मग तुमचीही खारच होती, भाताची. खाजण बांधापलीकडचं.