हिवतापाचे सप्टेंबरचे रुग्ण नेमके किती? तीन नोंदवह्या, तीन आकडे

प्रश्न (आरोग्य सेविका, धडगाव तालुका)

नमस्कार. मी सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. सप्टेंबरच्या हिवताप अहवालाची जुळणी करताना आशांच्या वह्यांत १४, प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये ११ आणि ऑनलाइन १९ दूषित (रक्तात हिवतापाचे जंतू आढळलेले) रुग्ण दिसले. आढावा बैठकीत ऑनलाइन आकडाच वाचला गेला आणि "एवढी वाढ कशी?" असे मला विचारण्यात आले. वाढ झाली आहे की नाही, हेच मला सांगता येत नव्हते.

दुसरी अडचण लोकसंख्येची आहे. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची निम्मी घरे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. तरीही दर काढताना वर्षभर तीच लोकसंख्या धरली जाते. अशा स्थितीत कोणता आकडा खरा मानावा आणि जुळणी कुठून सुरू करावी, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, चोपडा)

ताई, या तीनपैकी एक आकडा खरा आणि बाकीचे खोटे, असे आधीच धरून चालू नका. ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असण्याची शक्यता मोठी आहे. आशा रुग्ण मोजते, प्रयोगशाळा काचपट्ट्या (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे रक्ताचे नमुने) मोजते आणि संगणक नोंदी मोजतो. एकाच माणसाची आरडी किटने (जागच्या जागी झटपट तपासणीचा संच) तपासणी झाली आणि त्याच दिवशी काचपट्टीही घेतली गेली, तर आशाच्या वहीत तो एक रुग्ण असतो, पण ऑनलाइन त्याच्या दोन नोंदी होऊ शकतात. उलट, फक्त किटवर दूषित निघालेला माणूस प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये सापडणारच नाही.

त्यानंतर तारखा पाहा. रक्त घेतल्याची, तपासणीची आणि संगणकात नोंद केल्याची, अशा तीन तारखा असतात. पावसाळ्यात नदीनाले भरले की काचपट्ट्या आठ-दहा दिवस अडकतात, हे आपणास सांगायला नकोच. महिना कोणत्या तारखेवरून धरायचा, हे केंद्रात एकदाच ठरवून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. माझे मत विचाराल तर रक्त घेतल्याची तारीख धरावी, कारण डास चावला तो काळ तिच्याच जवळचा असतो. संगणकावरच्या तारखेवरून फक्त ऑपरेटरला वेळ कधी मिळाला, एवढेच कळते.

जुळणी आकड्यांची करू नका, माणसांची करा. तिन्ही याद्या शेजारी मांडून नाव, वय, पाडा आणि काचपट्टीचा क्रमांक असे एकेक नाव लाल पेन्सिलीने खोडत जा. एका महिन्यासाठी दुपारभराचे काम आहे.

उत्तर (जिल्हास्तरावर आकडेवारीचे काम, धुळे)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. त्यात एका साध्या गुणोत्तराची भर घालतो. मूळ वहीतून फेरमोजणी करून मिळालेल्या रुग्णसंख्येला अहवालातल्या संख्येने भागावे. फेरमोजणीत १४ आणि अहवालात १९ असतील, तर उत्तर ०.७४ येते, म्हणजे अहवाल फुगलेला आहे. एकपेक्षा जास्त आले, तर नोंदी सुटल्या आहेत. मात्र हे गुणोत्तर एकच्या जवळ आले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण पाच नोंदी दुबार आणि पाच सुटलेल्या असतील, तर बेरीज बरोबर दिसते आणि चूक झाकली जाते.

आता लोकसंख्येविषयी. आदिवासी भागातील उपकेंद्राचा निकष ३,००० लोकसंख्येचा आहे, तोच हिशेबाला घेऊ. वर्षभरात ६ रुग्ण निघाले, तर हजारी २ असा वार्षिक परोपजीवी दर (वर्षात हजार लोकांमागे किती रुग्ण) येतो. यांपैकी १,२०० लोक पाच महिने बाहेर असतील, तर वर्षाची सरासरी हजर लोकसंख्या २,५०० होते आणि दर २.४ वर जातो. फरक आहे, पण तेवढ्याने चित्र पालटत नाही. चित्र पालटते ते रक्तनमुने कोणाचे घेतले यावरून. वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के, म्हणजे ३०० नमुने हवेत. ते सगळे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि शाळकरी मुलांचेच घेतले, तर उद्दिष्ट पूर्ण होईल, दरही खाली दिसेल आणि ज्यांना बाहेरगावी ताप येऊन गेला ते तपासणीतून सुटतील. म्हणून परोपजीवी दर कधीही एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी रक्ततपासणीचा दर आणि शंभर नमुन्यांमागे किती दूषित निघाले, हे दोन्ही लिहावे. तपासणीच घटली असेल, तर रुग्ण घटल्याचे समाधान फुकाचे असते.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. निरंक आणि कोरे यांत फरक ठेवा. निरंक म्हणजे शोधले, पण सापडले नाही. कोरे म्हणजे कोणी पाहिलेच नाही. बेरजेत दोन्ही शून्यच होतात आणि जिल्ह्याला ते गाव निरोगी वाटते.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, नवापूर परिसर)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत सारा भार पुन्हा सेविकेवर आणि ऑपरेटरवर पडतो. एकच आशा क्षयरोगाची माहिती निक्षय या सरकारी पोर्टलसाठी देते, हिवतापाची वही वेगळी ठेवते, सिकलसेलच्या तपासणीची यादी वेगळी करते आणि तापाच्या रुग्णांची लक्षणांनुसार माहिती साथरोग सर्वेक्षणासाठी निराळीच द्यावी लागते. एकाच घराचे नाव चार ठिकाणी लिहायचे म्हटले की चौथ्या ठिकाणी ते घाईनेच लिहिले जाणार. त्यात रेंज नाही, म्हणून नोंदी साठवून आठवड्याने तालुक्याला एकदम भरल्या जातात. याला हलगर्जीपणा म्हणणे मला पटत नाही.

माझा मुख्य आक्षेप असा की आकडे वर जातात, पण खाली परत येत नाहीत. आशाला तिच्याच पाड्याचा तीन वर्षांचा महिनावार आलेख दाखवला, तर कोणता आकडा बसत नाही हे ती संगणकाआधी सांगेल. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात आढळला, तेव्हाही कोंबड्या आधी शेडमध्ये मरत होत्या आणि कागदावर नंतर आल्या. आता २०२१ पासून साथरोगांची माहिती रोजच्या रोज गावनिहाय भरण्याची सोय देशभर झाली आहे, हे चांगलेच आहे. पण ती पाहून गावात कोणी जाणार नसेल, तर भरणाराही कंटाळतो.

स्थलांतराच्या बाबतीत एक काम मात्र जरूर करावे. २०२७ पर्यंत स्थानिक संसर्गाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, त्यामुळे रुग्ण इथला की बाहेरून आलेला, हा प्रश्न पुढे कळीचा होणार. त्यासाठी दूषित रुग्णाला "गेल्या महिनाभरात कुठे मुक्काम होता?" एवढे विचारून गावाचे नाव लिहून ठेवावे. व्हायवॅक्सचा (हिवतापाचा पुन्हा उलटू शकणारा प्रकार) रुग्ण असेल, तर तो उलटू नये म्हणून दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस घेतल्या का, हेही विचारावे. मुकादमाच्या गाडीत बसताना गोळ्या घरीच राहतात आणि तोच ताप काही महिन्यांनी नवा रुग्ण म्हणून मोजला जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल दुपारी तिन्ही याद्या मांडून बसलो. ऑनलाइन १९ पैकी ३ नमुने ऑगस्टमध्ये घेतलेले निघाले आणि ४ नोंदी दुबार. राहिले १२. आशांच्या वहीतले २ रुग्ण ऑनलाइन भरलेच गेले नव्हते, म्हणजे १४. प्रयोगशाळेत ११ दिसत होते, कारण तिघांची फक्त किटवर तपासणी झाली होती.

दुबार चारपैकी तीन किट आणि काचपट्टीच्याच होत्या. चौथी बराच वेळ सापडेना. वय तेच, पाडा तोच, पण किटच्या नोंदीत आडनाव "वसावा" आणि काचपट्टीच्या चिठ्ठीवर "वसावे". शेवटी आशाताईंनीच सांगितले की तो गुजरातेत अंकलेश्वरकडे कामाला असतो आणि त्याचे कार्ड तिकडचे आहे, म्हणून आडनाव तिकडच्या वळणाचे. मुक्कामाचे गाव लिहिण्यासाठी रजिस्टरमध्ये कालच पट्टीने एक रकाना आखला आहे. त्यात पहिली नोंद त्याचीच झाली.