मदत हवी आहे: डब्ल्यूचं ट्रान्सव्हर्स मास ८०च्या पुढे कसं काय जातंय?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सीएमएसचा (सर्नच्या एलएचसी कोलायडरवरचा डिटेक्टर) ओपन डेटा घेतलाय, डब्ल्यू बोसॉन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनोत तुटतो ते इव्हेंट शोधायचेत. न्यूट्रिनो डिटेक्टरला दिसत नाही, आणि बीमच्या दिशेने त्याचा मोमेंटम किती हे कळायला मार्ग नाही कारण आदळणाऱ्या क्वार्कांकडे प्रोटॉनच्या मोमेंटमचा किती वाटा होता तेच माहीत नसतं, म्हणून इन्व्हेरियंट मास निघत नाही आणि आडव्या दिशेतल्या मोमेंटमवरच भागवायचं, इथपर्यंत पटलंय. मी हे वापरतोय (एमटी म्हणजे ट्रान्सव्हर्स मास, पीटी म्हणजे आडवा मोमेंटम, मिसिंग पीटी म्हणजे आडव्या बेरजेत कमी पडणारा, न्यूट्रिनोचा धरलेला पीटी, डेल्टा फाय म्हणजे आडव्या प्रतलात दोघांमधला कोन):

एमटीचा वर्ग = २ × म्यूऑनचा पीटी × मिसिंग पीटी × (१ − कॉस डेल्टा फाय)

आता हा इव्हेंट बघा. म्यूऑन ४५ जीईव्ही, मिसिंग ५२, दोघांमधला कोन १७५ अंश. उत्तर येतं साधारण ९६.७! डब्ल्यूचं मास ८०.४ आणि सगळीकडे लिहिलंय की एमटी त्याच्या वर जात नाही. असे इव्हेंट भरपूर आहेत. शिवाय एमटीच्या आलेखाचं पीक अगदी वरच्या कडेलाच का येतं? आणि एका पुस्तकात एमटी वर्ग म्हणजे ई वर्ग वजा पीझेड वर्ग (ई ऊर्जा, पीझेड बीमच्या दिशेचा मोमेंटम) असं दिलंय, ते हेच का दुसरं काही? प्लीज कोणीतरी नीट सांगा, हे समजल्याशिवाय पुढे जायची इच्छा नाही.

प्रतिसाद १

प्रश्न छान मांडलेत. मर्यादा खरी आहे, पण ती खऱ्या मोमेंटमना लागू होते, मोजलेल्या नाही. पूर्ण इन्व्हेरियंट मास लिहा, तुमचाच फॉर्म्युला येतो, फक्त १ च्या जागी कॉश डेल्टा ईटा (कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन; ईटा म्हणजे बीमशी असलेल्या कोनाचं माप, डेल्टा ईटा दोघांच्या ईटातला फरक). कॉश १ च्या खाली जात नाही, म्हणून एमटी मासपेक्षा मोठं होऊच शकत नाही, दोघांचा ईटा सारखा असला की बरोबर तेवढंच. ही ओळ वहीत स्वतः करून बघा.

पीकचं असं की डब्ल्यूला आडवा वेग नसेल तर एमटी म्हणजे मास गुणिले साईन थीटा (थीटा हा डब्ल्यूच्या चौकटीत म्यूऑन आणि बीममधला कोन), आणि नव्वद अंशांच्या आसपास साईन फारसा बदलतच नाही. ७० ते ११० अंशांत कुठेही तुटू दे, एमटी ७५.५च्या वरच. सगळ्या दिशा सारख्या धरल्या तर जवळपास ३४ टक्के डिके याच पट्ट्यात येतात, मग कडेला गर्दी होणारच. यालाच जेकोबियन पीक म्हणतात.

पुढे सांडतं ते मुख्यतः मिसिंग पीटीमुळे, कारण ते बाकी सगळं मोजून उरलेलं असतं आणि पाइलअप (त्याच वेळी होणाऱ्या इतर टकरी) त्यात घाण करतो. डब्ल्यूची स्वतःची विड्थ (मासचा नैसर्गिक पसारा) साधारण २.१ जीईव्ही, तिचा हात छोटा. दोन म्यूऑनांत तुटणाऱ्या झेड बोसॉनमधला एक म्यूऑन निसटला तर तोही डब्ल्यूसारखा दिसतो, त्याची कड ९१ला.

पुस्तकातली व्याख्या वेगळी आहे. ती मास वर्ग अधिक पीटी वर्ग, एका कणासाठी, हेवी आयनवाले (जड अणुकेंद्रकं आदळवणारे) वापरतात. पूर्ण डब्ल्यूला लावलीत तर मासच्या वरच जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

खूप धन्यवाद, कॉशवाली ओळ केली, एकदम लख्ख झालं! मग सीडीएफने (अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन कोलायडरवरचा प्रयोग) २०२२ मध्ये डब्ल्यूच्या मासासाठी एमटी वापरलं आणि सीएमएसने २०२४ मध्ये म्यूऑनच्या पीटीवरच मास काढलं, ते याच मिसिंगमुळे का?

प्रतिसाद २

हो. एमटीवर डब्ल्यूच्या आडव्या ढकलीचा परिणाम फार कमी होतो, म्यूऑनच्या पीटीवर लगेच होतो, पण एलएचसीच्या पाइलअपमध्ये मिसिंग इतकं पसरतं की तो फायदा हातात राहत नाही. तुम्ही एक करा: झेडच्या इव्हेंटमधला एक म्यूऑन मुद्दाम लपवा, त्याचा पीटी मिसिंगमध्ये मिळवा आणि एमटी काढा. खरं मास दोन म्यूऑनांवरून माहीत असतंच, कड किती पसरली ते थेट दिसेल. फक्त बेरीज व्हेक्टरची करा, एक्स आणि वाय वेगळे, नुसत्या आकड्यांची नको.