रेव्हन क्वीन वाईट मुलगी आहे का? लेकीला तीच व्हायचंय

हळदीची_सांगली:
नमस्कार मंडळी, विषय लहान पोरांचा आहे पण घरात आठ दिवस त्यावरनं धुसफूस चाललीय म्हणून विचारते. माझी लेक तिसरीत आहे. तिला मावसबहिणीच्या जुन्या बाहुल्या मिळाल्या, एव्हर आफ्टर हायच्या, आणि तेव्हापासनं ती मालिका पण बघायला लागलीय. आता गॅदरिंगला फॅन्सी ड्रेस आहे आणि हिला रेव्हन क्वीनच व्हायचंय, दुसरं काही दाखवलं तरी नको. सासूबाईंनी विचारलं ही कोण गं, तर म्हणाली स्नो व्हाइटला विषाचं सफरचंद देणाऱ्या राणीची मुलगी. झालं! वर रेव्हन म्हणजे डोमकावळा हे पण तिनंच सांगून टाकलं. सासूबाईंचं म्हणणं ती स्नो व्हाइटची मुलगी ॲपल व्हाइट आहे की, लाल फ्रॉक, सोनेरी केस, तीच हो, कावळ्याची पिसं लावून स्टेजवर कशाला जायचं. मी स्वयंपाक करता करता अर्धंमुर्धं बघितलंय, कोण कुणाचं पोरगं यातच माझा गोंधळ होतो. रेव्हन नक्की कशी आहे, कुणी पूर्ण बघितलंय का?

कृष्णाकाठ:
ताई माझ्या दोन्ही पोरी यावरच वाढल्या, त्यामुळं पाठच आहे. २०१३ ला मॅटेलनं बाहुल्या काढल्या आणि बरोबर यूट्यूबवर दोन-चार मिनिटांचे भाग, मग २०१५-१६ ला नेटफ्लिक्सवर मोठे. गोष्टीतल्या माणसांची मुलं एका शाळेत शिकतात आणि तिथला नियम असा की आईबापाची जी गोष्ट तीच तुम्ही पुन्हा जगायची. लेगसी डेला सगळ्यांसमोर एका मोठ्या पुस्तकात सही करायची, नाही केली तर तुम्ही आणि तुमची गोष्ट दोन्ही नाहीशी होणार असं हेडमास्तर मिल्टन ग्रिम सांगत असतात. ज्यांना ते मान्य ते रॉयल, ज्यांना नाही ते रेबेल. आता रेव्हनच्या वाट्याला काय तर आईसारखं दुष्ट व्हायचं आणि वर्गमैत्रिणीला, तेही स्वतःच्याच रूममेटला, म्हणजे ॲपलला, विष द्यायचं. पोरगी इतकी साधी की जादू चांगल्या कामाला वापरायला गेली तर उलटीच होते आणि सगळे हिच्याकडंच संशयानं बघतात. ती सही करत नाही, भर समारंभात. नाहीशी होईन ही भीती पोटात असताना करत नाही हो! माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती, माझा पदर धरून बसली होती तो भाग संपेपर्यंत. वाईट कसली, सगळ्यात धीराची पोरगी आहे ती.

अजिंक्यतारा_सातारा:
सहमत, पण ॲपलला कुणी वाईट म्हणू नका, आमच्या घरी लेकीपेक्षा मीच तिच्या बाजूनं भांडतो. जन्मल्यापासनं तिला सांगितलंय की तू पुढची स्नो व्हाइट, अख्खं राज्य तुझ्यावर अवलंबून, आईचे केस काळेभोर आणि हिचे सोनेरी म्हणजे तिथंच मनात धाकधूक. आणि तिची गोष्ट घडायची तर रेव्हननं दुष्ट व्हायलाच पाहिजे ना, विषच नाही तर झोप कसली आणि जागं व्हायचं कसलं. म्हणून ती गोड बोलून रेव्हनच्या मागं लागते की सही कर, सही कर. स्वार्थ आहेच, पण तो घाबरलेल्या लेकराचा आहे. डचेस स्वान बघा, तिच्या नशिबात कायमचं हंस होणं आहे, सुखाचा शेवट नाहीच, तरी ती रॉयलांत. तिची चिडचिड बघितली की मला लई वाईट वाटतं. नेटफ्लिक्सवरच्या ड्रॅगन गेम्स या मोठ्या भागात पुढं ॲपलचं काय होतं ते सांगत नाही, लेकीला बघू द्या.

तंबोरा_मिरज:
मी एकवीस वर्षांची आहे, शाळेत असताना बघायचे. माझी लाडकी सीडर वूड, पिनोकिओची मुलगी, अख्खी लाकडाची, आणि शाप असा की खोटं बोलताच येत नाही. त्यामुळं कुणी तिला गुपितच सांगत नाही, आणि हिच्या मनात सारखं हेच की मला जे वाटतं ते खरं की लाकडात कोरलेलं. सेरीज हूड पण आवडायची, लाल टोपीवाली आई आणि लांडगा बाप, म्हणून कायम टोपी, कान झाकायला. पण सीडर जास्त जवळची, कारण आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे होतात, माझ्या वेणीत कायम लाकडाचा भुसा. लहानपणी भिजत घातलेल्या भोपळ्यांच्या शेजारी बसून मी ही मालिका बघितलीय. काकू, सगळ्यांना वाटतं रेबेल म्हणजे घरचं सोडून जाणं. तसं नाहीये. मी सध्या बाबांकडं जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज जुळवायला शिकतेय. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायची, एक घासणी जास्त झाली की आवाज गेला. आमच्यात मुली हे करत नव्हत्या. बाबांनी कधी म्हटलं नाही की तुला करायलाच पाहिजे, माझी मी जाऊन बसले. तुमच्या लेकीला रेव्हन होऊ द्या.

हळदीची_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाई नेहमीसारखी चिऊकाऊची गोष्ट सांगत होत्या, काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, चिऊताई चिऊताई दार उघड. तर पोरगी मधेच म्हणाली, आजी, काऊला शेणाचंच घर बांध असं कुणी सांगितलं? सासूबाई गप्पच झाल्या. मग मी तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, विशेष करून ते सहीचं आणि मिरजेच्या पोरीचं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, त्या रेव्हनची आई कुठंय आता? म्हटलं आरशात कोंडून ठेवलीय. तर म्हणाल्या, मग पोरीचं जेवणखाण कोण बघतं तिथं?

म्हणजे परवानगी मिळाली असं मी समजते, फक्त पिसं खरी नकोत, कागदाची करा म्हणाल्यात. त्यांच्या पेटीतली जांभळी इरकल काढून ठेवलीय झग्यासाठी, कापायची नाही, नुसती टाचून घ्यायची या अटीवर. आता काळ्या केसांत जांभळ्या बटा तेवढ्या हव्यात. मिरजेत किंवा सांगलीत भाड्यानं विग कुठं मिळतात सांगा, शुक्रवारी गॅदरिंग आहे.