हार्टवरचा व्रण गोळीने जातो का?

रेवदंड्याचा_पोरगा:
बाबांना (६३) मे मध्ये अटॅक आला. आंबे उतरवायची गडबड होती म्हणून छातीतलं दुखणं दोन दिवस अंगावर काढलं. आता एमआरआयमध्ये स्कार (व्रण) दिसतोय, ईएफ (दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३५. डॉक्टर म्हणाले फायब्रोब्लास्ट पेशींनी कोलॅजन (चिवट धाग्यांसारखं प्रथिन) भरलंय. मग त्या पेशी वाईटच ना? आणि बीपी हाय नसताना स्पायरोनोलॅक्टोन कशाला दिली, बाबा म्हणतायत बंदच करतो.

खारेपाटवाला:
वाईट नाहीत रे. खारबंदिस्तीला (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की आपण हाताला लागेल तो चिखल, पेंढा, दगड टाकून आधी पाणी अडवतो ना, तसंच हे. हार्टच्या स्नायूपेशी मेल्या की नव्या जवळपास होतच नाहीत, उतारवयात वर्षाला १ टक्कासुद्धा नाही, मग फायब्रोब्लास्ट रूप बदलून मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजनने भगदाड बुजवतात. तेवढं झालं नाही तर पहिल्या आठवड्यातच हार्टची भिंत फाटू शकते. घोळ पुढे होतो. खांड बुजली तरी माणसं चिखल ओततच राहिली आणि उघाडीपण (बांधातली पाणी सोडायची झडप) बुजवली तर? चांगल्या भागातही कोलॅजन साचतं, हार्ट कडक होतं, नीट भरत नाही, करंट अडखळतो, ठोके चुकतात.

चिपळूणची_बायोटेक:
बरोबर, फक्त या पेशी अटॅकनंतर उगवत नाहीत हं, आधीपासून तिथेच असतात, स्नायूपेशींना धरून ठेवणारी जाळी त्याच विणतात. "ओतत राहा" हा निरोप अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, टीजीएफ-बीटा अशी शरीरातलीच बरीच रसायनं देतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवते, बाबांना ती बीपीसाठी दिलेली नसणार. १९९९च्या रेल्स ट्रायलमध्ये गंभीर हार्ट फेल्युअरवाल्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते तिच्यामुळे. झालेला व्रण मात्र तिने जात नाही. २०१२ मध्ये उंदरांच्या हार्टमध्येच फायब्रोब्लास्टना स्नायूपेशींसारखं करून दाखवलंय, पण ते उंदीर.

माडाखालची:
शहाळी देताय का बाबांना? आमच्या सासऱ्यांना हीच गोळी होती, घरचे माड, त्यात "थंड असतं" म्हणून रोज दोन. पोटॅशियम एवढं वाढलं की ॲडमिट करावं लागलं. ही गोळी पोटॅशियम आत धरून ठेवते आणि शहाळ्यात ते भरपूर. गोळी मनाने बंद करू नका, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते कळतं) तपासा.

रेवदंड्याचा_पोरगा:
अरे देवा, आमच्याकडे पण रोज एक चालू आहे, पाहुणा आला की दोन. उद्या सकाळीच रक्त देऊन येतो आणि डॉक्टरांना दाखवतो. बाबा गोळी घेईन म्हणाले एकदाचे, पण शहाळं बंद म्हटल्यापासून माझ्याशी बोलत नाहीयेत.